दक्षिणेला चालणारा दगड

"चालला! चालला गो बाय, चालला!"

काळेखारच्या देवळापुढं बायकांचा एकच गलका उठला. पुरुषमंडळी टाचा उंचावून पाहू लागली. जागा न मिळालेली पोरं तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर चढली. समोर लादीवर एक पितळी थाळी, थाळीत बोटभर तीर्थ, आणि तीर्थात रुपयाएवढा पांढरट दगड. मध्ये जरा फुगीर, कडेला पातळ. त्याला कुणी हात लावला नव्हता की फुंकर घातली नव्हती. आधी तो जागच्या जागी थरथरला. मग त्याच्या अंगावर बारीक बुडबुड्यांची लव उभी राहिली. झोपेतून उठलेल्या मुलानं आळस द्यावा तशी त्यानं एक गिरकी घेतली आणि सरकत सरकत दक्षिणेच्या कडेला जाऊन टेकला.

"दक्षिन!" गोविंदाबुवांनी हात वर केला. "आईनं कौल दिला. बांधाच्या दक्षिन टोकाला माती घाला."

हे बुवा निडीकडचे. दोन वर्षांपूर्वी मोटरसायकलवरून आले आणि तेव्हापासून दर उधाणाच्या आधी येत होते. भगवी लुंगी, वर कंपनीच्या नावाचा पुसट टीशर्ट, आणि जिभेला विसावा म्हणून नाही.

"हा दगड नाय! हा खाडीआईचा डोला हाय. समुद्रमंथनातून चौदा रत्नं निघाली, बरोबर? चौदा सगल्यांना ठाव. पंधरावं कोनाला ठाव? कोनालाच नाय. का? तर पंधरावं लाजलं! लाजून चिखलात जाऊन बसलं. ते माझ्या स्वप्नात आलं, बोललं, गोविंदा, मना वर काड, पाय आखडले माझे."

"पन बुवा, तीर्थाला आंबूस वास का ओ येतो?" एका पोरानं विचारलं.

"मंथनाचा वास तो! क्षीरसागर येवढा घुसलल्यावर नासनार नाय तर काय रं होनार?"

लोक हसले आणि हात जोडले. दोन्ही एकदम. काळेखारचं हे असंच होतं.

गर्दीच्या कडेला नमिता उभी होती. ही कान्हूची थोरली लेक, रोह्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची, मे महिन्याच्या सुट्टीत माहेरी आली होती. तिचं लक्ष दगडाकडे कमी आणि बापाकडे जास्त होतं. कान्हू खांद्यावर फावडं घेऊन उभा होता आणि दक्षिण हा शब्द ऐकताच त्याची मान खाली गेली होती. कारण कान्हूचं शेत उत्तरेच्या टोकाला होतं.

काळेखारची जमीन खाडीच्या भरतीहून खाली. मध्ये मातीचा बांध. बांधाच्या आत भात, बाहेर खारं पाणी. कुठं खांड पडली आणि खारं पाणी आत आलं, की ती जमीन पुढची तीन-चार वर्षं दाणा देत नाही. म्हणून पिढ्यान् पिढ्या गावात जोळ चालत आलेली: घरटी एक माणूस येणार, सगळे मिळून बांधाला माती घालणार. पूर्वी म्हातारी माणसं आधी बांधावरून चालायची, खेकड्यांची बिळं बघायची, पायानं दाबून बघायची, आणि मग सांगायची कुठं घाला. दोन वर्षांपासून ते काम दगडानं घेतलं होतं. आणि दगड दर वेळी दक्षिणेलाच चालत होता. दक्षिणेचा बांध आता एवढा रुंद झाला होता की त्यावर रिक्षा वळवता आली असती. उत्तरेला मात्र कान्हूच्या शेताशी तो चाळणी झाला होता. भरतीच्या वेळी आतल्या बाजूनं पाणी पाझरायचं, बांधाला घाम फुटल्यासारखं.

अमावास्या परवावर आली होती. वैशाखाचं उधाण.

"थांबा," नमिता पुढं झाली. "हा चमत्कार नाही. हा चुन्याचा दगड आहे, आणि तीर्थात काहीतरी आंबट आहे. चुना आणि आंबट एकत्र आले की वायू सुटतो. त्याच्या बुडबुड्यांवर दगड तरंगत सरकतो. हे बघा, मी खडू टाकते, तोही फसफसेल."

शिक्षिकेच्या पर्समध्ये खडू सापडायचाच. तिनं तुकडा थाळीत टाकला. खडू बुडाला. बुडाला तो बुडालाच. दगड पोहून दमलेला, आणि खडू गप्प, वर्गात उत्तर न येणाऱ्या पोरासारखा.

बुवांनी वाकून पाहिलं. "बाई, तुमचा खडू फळ्यावरच बरा. हितं देवाची शाला हाय."

हशाचा लोट उठला. शेजारच्या गोदूबाईनं, जिनं नमिताला अंगाखांद्यावर वाढवलं होतं, तिचा दंड धरून मागं ओढलं. "चल गो. कशाला हसं करून घेतंस?"

"काकी, तुला खरंच वाटतं दगडाला कळतं?"

गोदूबाईनं दंड सोडला. मिठागरात जन्म गेलेला, तळव्यांना भेगा, डोळ्यांना खारं ऊन लागलेलं. ती म्हणाली, "आमी अर्ज दिले, किती दिले. साहेब आला नाय. कागद हालला नाय. मंग कोनीतरी हालतंय ते आमाला बरं वाटतं गो. दगड तर दगड."

 लोक घमेली उचलून दक्षिणेकडे निघाले होते.

संध्याकाळी भाऊ आदेश शिफ्टवरून आला. डोलवीला पोलादाच्या कंपनीत कंत्राटावर होता, कच्च्या मालाच्या ढिगांवर. ताईचा उतरलेला चेहरा पाहून त्यानं काय झालं ते विचारलं, आणि ऐकून घेऊन, जेवणाचा डबा खाली ठेवून थेट पडवीतल्या कोपऱ्यात गेला. तिथून आणलेल्या जुन्या पत्र्याच्या डब्यातून त्यानं मूठभर गोल दगड जमिनीवर ओतले. सगळे रुपयाएवढे, मध्ये फुगीर, कडेला पातळ.

"हेच ना? चुनखडी येते ना गुजरातकडनं, भट्टीला लागते, तिच्यात असतात. ट्रकमधनं रस्त्यावर पन पडतात. मी कॅरमला आनलेले. आन् बुवा बुवा नुसतं ऐकलेलं, शिफ्टमुलं मी जोलीला कधी गेलो नाय. निडीचा गोविंदाच ना? तो बुवा कधी झाला? तो आधी चुनखडीच्या ट्रकवर किलीनर होता, ताय. वडखळ नाक्यावर माझ्याकडनं बिडी मागायचा."

"आणि तो वास?"

आदेश हसला. "चायनीजच्या गाडीवर जा. बाटलीत मिलतो. विनेगर."

नमितानं एक दगड पाट्यावर उभा धरला, वरवंट्यानं हलकेच ठोकला. तो कडेनं सोलल्यासारखा दोन पाकळ्यांत उघडला. आणि आत पाहताच बाहेरचं सगळं तिच्या मनातून क्षणभर निघून गेलं. आत एक वेटोळं होतं. मधल्या ठिपक्यापासून निघून फिरत फिरत कडेपर्यंत गेलेलं, आणि त्या वेटोळ्यात बारीक बारीक भिंती, भिंतींत बारीक बारीक खोल्या. कुणीतरी सुईनं कोरावं तसं.

"काकी, ये. बघ." तिनं गोदूबाईला हाक मारली.

"रांगोली हाय गो ही! कोनी काडली?"

"तिथं राहणाऱ्यानं. हा जिवंत होता एकदा. एकच पेशी, ना डोळा, ना तोंड, ना हात. समुद्राच्या तळाशी बसायचा आणि पाण्यातला चुना घेऊन घर बांधायचा. एक खोली भरली की पुढची, ती भरली की तिच्या पुढची. शेवटी मेला, घर राहिलं. अशी कोट्यवधी घरं तळाशी साठली, त्यांचा दगड झाला. कच्छच्या वाळवंटात आज जिथं उंट फिरतो ना, तिथं तेव्हा समुद्र होता."

"कधी म्हंजे? पांडवांच्या वेली?"

"चार कोटी वर्षांहून जास्त झाली. तेव्हा माणूस नव्हता काकी. आपला सह्याद्री मात्र होता, लाव्हारस थिजून काळा पडलेला. आणि देवमाशाचे पूर्वज त्याच कच्छच्या किनाऱ्यावर चार पायांनी फिरत होते. अजून पुरते पाण्यात गेले नव्हते."

"मासा पायांनी?" आदेशनं मान हलवली. "हे तर बुवाच्या वर झालं."

"तू निवटी बघितलीस ना चिखलावर?"

"रोजच बघतो."

"ती मासा आहे की नाही? मग ओहोटीला परांवर उड्या मारत कशी चालते? पाण्यात श्वास, चिखलात चाल. ती काही आपली आजी नव्हे. पण फार फार पूर्वी, कुणीतरी असाच एक मासा उथळ पाण्यातून वर रेटत आला. त्याच्या परांच्या हाडांतूनच पुढं हात-पाय घडले. एका दिवसात नाही. इतक्या पिढ्या लागल्या की मोजता मोजता आपल्या पिढ्या संपतील. देवमाशानं उलटा प्रवास केला, इतकंच. कुणी मंतर घातला नाही, काकी. जे तगलं त्याची पोरं झाली. जे नाही तगलं, त्याचा कुठंतरी दगड झाला."

गोदूबाईनं ती पाकळी तळहातावर घेतली.  दळण-कांडणाच्या सुरात ती स्वतःशीच गुणगुणली, जसं तिला कुठल्याही नव्या गोष्टीचं गाणं करून ठेवायची सवय होती:

एका जिवानं बांधलं गो घर, खोलीला खोली,
समिंदर गेला सोडून, राहिली रांगोली.

मग तिनं विचारलं, "येवढ्या जुन्या जिवाला दक्षिन उत्तर कलते का गो?"

"नाही कळत."

"मंग दर टायमाला दक्षिनेलाच कसा?"

हे मात्र नमितालाही कळत नव्हतं. ती उठून देवळाकडे गेली. सगळीकडे सामसूम. जिथं थाळी ठेवायचे त्या लादीवर तिनं लोटीतलं पाणी ओतलं. पाण्याची एक जीभ निघाली आणि सरळ दक्षिणेच्या मोरीकडे धावली.

नमिता तिथंच खाली बसली. दोन वर्षांपूर्वी देवळाला लाद्या बसवल्या होत्या. गवंड्यानं शहाणपणानं उतार दिला होता, देवळाचं धुणं मोरीत जावं म्हणून. थाळी त्या उतारावर. बुडबुड्यांनी हलका झालेला दगड उताराकडे घसरणार, दुसरं काय करणार? बुवालाही हे माहीत नसावं. गावानं दोन वर्षं घाम गाळून जी माती वाहिली, ती खाडीआईच्या सांगण्यावरून नव्हे, बुवाच्या लबाडीवरूनही नव्हे. गवंड्यानं दिलेल्या उतारावरून.

घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा आदेशचे डोळे चमकले.

"ताय, मंग सोप्पं हाय! थालीखाली दक्षिनेकडनं एक लाकडाची चिपटी सरकव. दगड उत्तरेला जाईल. सगला गाव घमेली घेऊन बाबांच्या बांधावर. काम झालं."

कान्हू पडवीत फावड्याचा दांडा तासत होता. त्याचा हात थांबला.  त्यानं लेकीकडे पाहिलं, आणि ती नजर नमिताला रात्रभर टोचत राहिली. त्यानं आयुष्यात तिच्याकडे काही मागितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोळ पुन्हा जमली. बुवा दक्षिणेची आरती करून घेण्याच्या तयारीत. नमितानं सगळ्यांसमोर त्याच लादीवर घरची थाळी ठेवली, आदेशनं आणलेल्या बाटलीतलं व्हिनेगर ओतलं, आणि कॅरमच्या डब्यातला एक दगड सोडला. तो फसफसला. बायका पुढं सरकल्या. दगड दक्षिणेला गेला.

"हा माझा दगड," ती म्हणाली. "ट्रकमधून पडलेला. खाडीत सापडलेला नाही. आता हे बघा." तिनं कालवाच्या शिंपेचा घासून पातळ केलेला तुकडा टाकला. तोही फसफसला, तोही रखडत दक्षिणेला निघाला. "काल माझा खडू हलला नाही. चूक माझी. आजकालचा खडू चुनखडीचा नसतो, त्याची जातच वेगळी."

"म्हंजे आपली कालवं पन देवच की!" कुणीतरी ओरडलं, आणि हात जोडलेसुद्धा.

"उद्यापास्नं कालवाचं कालवण बंद रं!" दुसऱ्यानं टोला हाणला.

नमितानं डोळे मिटून घेतले, उघडले. थाळी पुसली, ताजं व्हिनेगर ओतलं, नवा दगड सोडला, आणि या वेळी दक्षिणेच्या बाजूनं थाळीखाली चिपटी सरकवली. सांगायचं तिनं मनाशी ठरवलं होतं: आता हा उत्तरेला जाईल, कारण मी थाळी कलवली. पण तिनं तोंड उघडण्याआधीच दगड निघाला.

"उत्तर!" गर्दीतून आरोळी उठली. "उत्तर बोलला! आईनं मत बदाललं!"

आणि लोक फिरले. घमेली, फावडी, टोपल्या सगळ्या उत्तरेकडे वळल्या. पुढच्या चौघांनी तर पायवाट धरलीसुद्धा. बुवांनी एका श्वासात वारा ओळखला. "मी कालच बोललेलो! आईचा डोला चारी दिशांना फिरतो!"

कान्हू जागीच उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं होतं ते नमितानं याआधी एकदाच पाहिलं होतं, ती पहिल्यांदा पगार घेऊन घरी आली तेव्हा. गप्प राहायचं. फक्त गप्प राहायचं. उद्या दुपारपर्यंत बांध भरला असता. बापाचं शेत वाचलं असतं. खोटं तर ती काहीच बोलली नव्हती.

थाळीत दगडाचे बुडबुडे विझत चालले होते. चार कोटी वर्षं टिकलेलं घर, खोली खोली विरघळत होतं, आणि माणसं त्याला विचारत होती आम्ही कुठं जाऊ.

"थांबा!" नमिता ओरडली. आवाज फाटला. "तो काही बोलला नाही! मी चिपटी घातली. हे बघा." तिनं चिपटी काढून पूर्वेला घातली. दगड पश्चिमेला लागला. पश्चिमेला घातली. तो पूर्वेला, थेट बुवांच्या गुडघ्याकडे. "आता बुवांनाच माती घालायची का? ही लादी दक्षिणेला उतरती आहे, मोरीसाठी. म्हणून दोन वर्षं तो दक्षिणेला जातोय. गवंड्यानं उत्तरेला मोरी काढली असती तर आपण उत्तरेला माती घातली असती. चला उत्तरेला, जरूर चला. पण दगडामागं नको. बांध बघून चला. बाबांच्या शेताशी पाणी पाझरतंय, हात लावून बघा."

कुणीतरी लोटाभर पाणी लादीवर ओतलं. ते मोरीकडे धावलं. सगळ्यांनी माना वाकवून ते पाहिलं.

नमिताला वाटलं, आता समजलं. आता जातील.

पण ज्यांनी दोन वर्षं डोक्यावरून माती वाहिली, त्यांना ती माती एका मोरीपायी वाहिली हे लोटाभर पाण्यात दाखवलं तर ते काय करणार? "म्हंजे आमी येडे?" एकजण म्हणाला. "आमच्या शेताशी पन बिलं हायेत, तिकडं आधी का नको?" दुसरा. "शिकली ती बापाच्या बांधासाठी शिकली," तिसरा. प्रत्येकाला आपापलं टोक आठवलं. दगडानं निदान सगळ्यांना एका दिशेला नेलं होतं. आता दिशा घरटी एक झाली. बुवांनी गलक्यातच आपली थाळी कापडात गुंडाळली, मोटरसायकल चालू केली आणि निघून गेले. कुणी अडवलं नाही.

उत्तरेच्या बांधावर सहा-सात माणसं आली. त्यांत गोदूबाई होती. दिवसभर त्यांनी चिखल वाहिला, दुसऱ्या दिवशी सकाळीही. गोदूबाई गात होती, मग दमून गायची थांबली.

अमावास्येची भरती भरदुपारी चढली. ऊन लख्ख होतं, वारा नव्हता, आभाळात ढगाचा डाग नव्हता. पाणी न ओरडता आलं. बांधाच्या कडेशी लागलं, थोडं थांबलं, जणू विचार करतंय. मग खेकड्याच्या एका बिळातून आतल्या बाजूला करंगळीएवढी धार सुटली. कान्हूनं त्यात गवताचा बोळा कोंबला, वर स्वतः बसला. धार मनगटाएवढी झाली. आदेशनं बापाला काखेत हात घालून उचललं, आणि कान्हू बसला होता तिथलाच बांध खचला. मग खाडी आत आली. सावकाश, वाफ्यावाफ्यातून, ओळखीच्या घरात पाहुणी यावी तशी.

ओहोटी लागली तेव्हा शेतावर राखाडी पाणी उभं होतं आणि त्यात, कान्हूच्या भाताच्या खाचरात, एक निवटी परांवर रेटत चालली होती.

 मग कान्हू म्हणाला, शांतपणे, राग न करता, "चिपटी राहू दिली असतीस, तर."

"राहू दिली असती, तर पुढच्या वेळी दुसऱ्या कुणी घातली असती, बाबा." नमिताला रडू आवरेना. "आणि त्याच्या मनात काय आहे ते आपल्याला कळलंही नसतं."

कान्हूनं मान हलवली. त्याला पटलं की नाही, ते त्या हलण्यावरून कळण्यासारखं नव्हतं. त्यानं फावडं उचललं. खांड बुजवायला हवी होती, रात्रीची भरती यायची होती.

तेवढ्यात बांधावर पुढं गेलेल्या गोदूबाईचा आवाज आला. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून ती अनवाणी चालत होती, एकेक पाऊल टाकून, दाबून, थांबून, जसं तिचा सासरा चालायचा. "हितं पन पोकल हाय गो! आन् हितं!" तिच्या मागं काल भांडलेल्यांपैकी दोघंजण खाली बघत चालत होते. सगळा गाव नाही. दोघंच.

बुवा पुढच्या एकादशीला दुसऱ्या कुठल्या तरी खाडीकाठच्या गावात थाळी मांडेल, तिथल्या लादीलाही कुठं तरी उतार असेलच. आणि कान्हूच्या खाचरात यंदा भात नाही, पुढच्या साली नाही, त्याच्याही पुढच्या साली नाही, मग कदाचित. कळल्यानं खारं पाणी गोडं होत नाही. पण वाचणाऱ्या बाबांनो, बायांनो, एवढं तरी ऐका: दगड चालतो तो उताराकडे. त्याच्या पोटात चार कोटी वर्षांचं घर आहे, ते जरूर उघडून बघा, पोरांना दाखवा, त्याचं गाणं करा. त्याला वाट मात्र विचारू नका. पायाखालचा बांध आपला आहे. कुठं पोकळ आहे ते आपल्याच तळव्याला कळणार, आणि तेही भरती यायच्या आधी चाललो तर.